पिवळी पट्टी
(वर्धापनदिनाच्या सभेत मंडळाच्या चिटणीसांनी केलेले भाषण)



मंडळाच्या संगणकावरील ती पिवळी पट्टी एकदाची बंद करावी, अशी सूचना यंदा पुन्हा आली आहे. सूचना रास्त आहे. पण ती अमलात कशी आणावी हे सांगताना मला माझ्या एका चुकीची कबुली द्यावी लागेल.

आपली सभासदांची नोंद वर्डमध्ये आहे. एक कळ दाबली की पाकिटांवरचे पत्ते आपोआप तयार होतात. हे काम करणाऱ्या, फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या आज्ञांना मॅक्रो म्हणतात. म्हणून फाइल उघडताच 'सिक्युरिटी वॉर्निंग' अशी पट्टी येते आणि 'एनेबल कंटेंट' दाबल्यावाचून काम पुढे जात नाही. कारण, पत्ते छापणाऱ्या आज्ञा लिहिता येतात तशा घात करणाऱ्याही लिहिता येतात. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' हा विषाणू अशाच वर्डच्या फाइलमधून जगभर पसरला. फाइल उघडणाऱ्याच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर तो आपण होऊन पत्रे धाडी.

हे मला ठाऊक नव्हते. २०१९ साली रोजच्या कटकटीला कंटाळून मी 'सर्व मॅक्रो चालू द्यावेत' हा पर्याय निवडला. पट्टी गेली, आणि मोठे शहाणपण केल्यासारखे वाटले. पुढे एका ओळखीच्या बाईंच्या नावाने ईमेलवर बिल आले. बाहेरून आलेली फाइल वर्ड आधी नुसती वाचू देते. मी सवयीने 'एनेबल एडिटिंग' दाबले. त्यापुढे अडवायला पट्टी उरलीच नव्हती. दोन दिवसांत मंडळाच्या नावाने तसलीच बिले सभासदांना जाऊ लागली. आपल्यातील एका वडीलधाऱ्या भगिनीने विश्वासाने ते उघडले. त्यांचा संगणक पार पुसावा लागला आणि त्यांच्या यजमानांच्या अखेरच्या वर्षाची छायाचित्रे गेली. त्यांच्या परवानगीनेच हे सांगते आहे. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच अधिक लागले.

भगिनींनो, पट्टी घालवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली माझी, तिच्यात दार सताड उघडे राहते. दुसरीत सारे मॅक्रो मुकाट्याने बंद होतात. पट्टी जाते, पण आपले पत्तेही छापले जात नाहीत. तिसरी शहाणी रीत अशी: फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स या वाटेने जाऊन एकच फोल्डर विश्वासाचे म्हणून नोंदवावे आणि आपली फाइल त्यात ठेवावी. तिच्यापुरती पट्टी येणार नाही. परक्या फाइलला मात्र येईल. ईमेलवर आलेली फाइल त्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे.

२०२२ पासून वर्डच्या नव्या आवृत्त्या इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवतात आणि तांबडी पट्टी दाखवतात. कोणी पत्रातून "ती काढून टाका" असे सुचवले, तर आधी त्या माणसाला फोन करावा.

मंडळाचे ते फोल्डर मी कालच करून ठेवले आहे. घरोघरीही तसेच करावे, ही नम्र विनंती करून मी आपली रजा घेते.