शब्दांच्या हाती लय

ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमधलं बायझंटाइन गायन ऐकताना आधी लक्ष जातं ते खालच्या अखंड आधारस्वराकडे. त्याला 'इसोन' म्हणतात. वाद्य एकही नाही, सगळं काम गळ्याचं. आपलं बोट ठेका धरू बघतं आणि चुकतं. आपल्या कानाला सवय आवर्तनाची. त्रितालात 16 मात्रा झाल्या की सम येणारच. इथे जोराची जागा कधी 2 मात्रांनी येते, कधी 3, कधी 4. ती कुठे यायची, हे शब्द ठरवतो.

'कीरिए एलेइसोन', म्हणजे 'प्रभो, दया कर', एवढीच प्रार्थना घ्या. की-रि-ए-ए-ले-इ-सोन, अशी 7 अक्षरं. ग्रीक माणूस बोलताना जोर देतो 'की'वर आणि 'ले'वर. एका अक्षराला एक मात्रा धरली तर पहिला गट 4 मात्रांचा, दुसरा 3 चा. हा आघात ग्रीकमध्ये हौसेचा नाही. 'नोमोस'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ कायदा, दुसऱ्यावर दिला तर जिल्हा!

होमरच्या काळचं ग्रीक काव्य आपल्या अक्षरगणवृत्तांसारखं लघु-गुरूवर चालायचं. पुढे बोलण्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसला गेला, आघात उरला. सहाव्या शतकातल्या रोमानोसची स्तोत्रं या आघातांवरच उभी आहेत. नंतर 'कानोन' हा रचनाप्रकार आला. त्यात 'हिर्मोस' नावाचं एक नमुन्याचं कडवं असतं. पुढची कडवी त्याच चालीवर, तितक्याच अक्षरांची, आणि आघातही त्याच जागी. पण कवीही माणूसच. एखाद्या कडव्यात आघात अक्षरभर सरकतो किंवा एखादं अक्षर वाढतं. तेव्हा जाणता गायक चाल वळवून घेतो, शब्दाला धक्का लावत नाही. या गायकीची खरी परीक्षा इथे होते, असं मला वाटतं.

आणि जोर म्हणजे आवाज चढवणं नव्हे. आजची स्वरलिपी क्रिसांथोस, ग्रिगोरिओस आणि खुर्मूझिओस या तिघांनी 1814 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसवली. तिची चिन्हं आधीच्या स्वरापासून किती वर-खाली जायचं ते सांगतात. त्यांतलं 'पेतास्ती' हे चिन्ह बहुधा आघाताच्या अक्षरावर येतं: एक स्वर वर, आणि तिथे गळ्याचा हलका हेलकावा. एवढ्यानं आघात कळतो. प्रत्येक आघातावर ठोका मारणारी गायकमंडळी भेटतात. मला ते कंटाळवाणं वाटतं.

'खेरुविकोन'सारख्या विलंबित रचनांत एकेक अक्षर इतकं लांबतं की शब्द हाती लागत नाही. सुरुवात तिथून करू नका. कानोनपासून करा, त्याची चाल जलद, बहुधा अक्षरागणिक एक स्वर. कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्केटचे मुख्य गायक याकोवोस नाफ्प्लिओतिस यांची विसाव्या शतकाच्या आरंभीची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. ऐकताना स्तोत्राचा छापील ग्रीक मजकूर समोर ठेवा. एकाहून अधिक अक्षरांच्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर आघाताची खूण छापलेली असते. लिपी येत नसली तरी खुणा दिसतील. डोळा त्यांच्यावर ठेवा आणि प्रत्येक खुणेपाशी गळा काय करतो, ते ऐका.