लेकराचा दम कसा मोजतात?

शाळेत खेलो इंडियाची चाचणी झाली, की मुलं घरी येऊन सांगतात, "आई, आज आम्हाला 600 मीटर पळवलं." आपला पहिला प्रश्न ठरलेला, "नंबर कितवा आला?" पण ही शर्यत नव्हे. हृदय, फुप्फुसं आणि रक्त मिळून पळत्या पायांना किती प्राणवायू पुरवतात, त्याचा हा अंदाज. त्यालाच आपण दम म्हणतो.

नेमकं मोजमाप प्रयोगशाळेत होतं. मुलाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवतात आणि हळूहळू वेग किंवा चढ वाढवतात. मूल अगदी थकेपर्यंत मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरतं, ते यंत्र सांगतं. त्या आकड्याला वजनाने भागतात, म्हणजे थोराड आणि किरकोळ मुलांची तुलना करता येते. स्वीडनचे ऑस्ट्रांड यांनी मुलामुलींच्या अशा चाचण्यांवरचं पुस्तक 1952 मध्येच काढलं होतं.

शाळेला असलं यंत्र कुठून परवडणार? कॅनडातल्या लेजे यांनी 1982 मध्ये सोपी युक्ती मांडली. 20 मीटरवर दोन रेघा आखायच्या. आवाज झाला की समोरची रेघ गाठायची. आवाज लवकर लवकर होऊ लागतात, आणि मूल मागे पडलं की चाचणी संपते. आपल्याकडची 600 मीटरची धाव याच जातीची.

आता महत्त्वाचं. मधेच थांबलेल्या पोरीला आळशी म्हणू नका. प्राणवायू वाहून नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर पोरगी जिद्दीची असूनही धापा टाकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या 100 मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय आढळला. तेव्हा नंबर विचारण्याआधी रक्त तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, तेही विचारा.

दमा, हृदयाचा त्रास किंवा ताप असेल तर बाईंना आधीच कळवा. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबायचं, हे लेकराला सांगून ठेवा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली, तर शेजारच्या मुलाशी नको, तिची तिच्याच मागच्या वेळेशी तुलना करू या.