हात उगारण्यापूर्वीचा तास

(पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. दोन महिन्यांचे बाळ दिवेलागणीपासून रडत आहे. दूध पाजून झाले, लंगोट बदलून झाला, खांद्यावर घेऊन येरझारा घालून झाल्या, ओव्याच्या पुरचुंडीने पोट शेकून झाले. नवरा रात्रपाळीला गेलेला, सासर आणि माहेर दोन्ही दूरच्या जिल्ह्यांत, शेजारचे दार बंद. बाळंतपणापासून ती आई सलग तीन तास झोपलेली नाही. एका क्षणी तिचा तोल सुटतो आणि ती बाळाला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलविते. बाळाला इजा करण्याचा तिचा हेतू नसतो. तो आवाज थांबावा एवढेच तिला हवे असते. परंतु तान्ह्या बाळाने अजून मान धरलेली नसते, डोके शरीराच्या मानाने जड असते. काही सेकंदांच्या त्या हिसक्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. काही बाळे दगावतात, काहींची दृष्टी जाते, काही जन्मभरासाठी अपंग होतात.

तान्ह्या बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, दुसऱ्या महिन्यात ते सर्वाधिक असते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. सायंकाळी ते अधिक असते. पुष्कळदा त्यामागे आजार नसतो आणि आईची चूकही नसते. सहनशक्ती संपत आली असे वाटताच बाळाला पाळण्यात उताणे निजवावे, खोलीबाहेर जावे, दहा मिनिटे स्वतःला सावरावे आणि मग परत यावे. दहा मिनिटांच्या रडण्याने निरोगी बाळाला काही होत नाही. बारशाला घुगऱ्या करावयास कोणी विसरत नाही. ही एवढी सूचना मात्र नव्या आईला क्वचितच कोणी देते.

पण दहा मिनिटांनी भागत नाही अशा रात्रीही असतात. त्या रात्रींसाठी समाजाने काय ठेवले आहे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या मोडलेल्या हाडांमागे आणि डोक्याच्या दुखापतींमागे अनेकदा घरातलाच हात असतो, हे त्यांनी वैद्यकीय पुराव्यानिशी मांडले. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच तेथील राज्यांनी अशा प्रकरणांची खबर देणे बंधनकारक करणारे कायदे केले. मात्र खबर दिली जाते ती मूल मार खाऊन झाल्यावर. म्हणून त्याच देशात आणीबाणीची पाळणाघरे उभी राहिली आणि १९८६ मध्ये त्यांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यांची पद्धत साधी आहे. अशी अनेक घरे रात्रंदिवस उघडी असतात, मोबदला घेतला जात नाही, मुले बहुधा पाच-सहा वर्षांच्या आतली असतात आणि मुक्काम काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतचा असतो. आईला रुग्णालयात दाखल व्हावयाचे आहे, घरमालकाने बाहेर काढले आहे, नवऱ्याने मारले आहे, किंवा ती केवळ थकली आहे. यांतले कोणतेही कारण पुरते. मूल तिचेच राहते. घ्यावयास येते तेव्हा तिला कोणी बोल लावीत नाही. औषधोपचार, धान्य, नोकरी यांतले काय अडले आहे तेवढे विचारले जाते.

आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, त्यामुळे असल्या संस्थांची गरज नाही, असे म्हणणारे भेटतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसलेला होता. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते. आजी, आत्या, काकू ज्या घरात होत्या तेथे रडणारे मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जात असे, हे खरेच. पण अंधेरीच्या किंवा पिंपरीच्या दोन खोल्यांत ती दुसरी कडेवर घेणारी व्यक्ती आता नसते. आणि जुन्या घरांतही प्रत्येक मूल सुरक्षित होते, असे समजण्याचे कारण नाही.

न विचारता उघडणारे दार ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८६३ मध्ये महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुनर्विवाहाची बंदी आणि लोकनिंदेचे भय यांमुळे विधवांच्या पोटी आलेली अर्भके मारली जात होती. त्या मातांना गुपचूप येऊन बाळंत होता यावे, हवे तर मूल तेथेच ठेवून जाता यावे, अशी सोय त्यांनी केली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याच मातांना आधी न्यायासनापुढे उभे केले असते, तर किती अर्भके वाचली असती?

अलीकडचे उदाहरण मुंबईच्या कामाठीपुऱ्यातील आहे. तेथे ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये रात्रीचे बालसंगोपन केंद्र सुरू केले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची मुले रात्री खाटेखाली किंवा रस्त्यावर असत. त्यांना सायंकाळपासून सकाळपर्यंत जेवण, अभ्यास आणि निर्धास्त झोप मिळू लागली. धोका रात्रीचा होता, म्हणून केंद्रही रात्रीचे.

सेवावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अशी सोय उभी करावीशी वाटेल. तेव्हा उत्साहाबरोबर कायदाही वाचावा. बालन्याय अधिनियम, २०१५ अन्वये नोंदणीविना बालगृह चालविणे हा गुन्हा आहे. त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेतू चांगला होता, हा बचाव तेथे चालत नाही आणि चालूही नये. मुलांच्या सहवासासाठी धडपडणारा प्रत्येक जण सज्जन नसतो. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी व्हावी, मुलाजवळ रात्री एकटा प्रौढ असू नये, आणि आत-बाहेर येणाऱ्याची नोंद वहीत असावी. त्याच कायद्यात विशिष्ट हेतूसाठी मुलाला तात्पुरते सांभाळणाऱ्या संस्थेस मान्यता देण्याची तरतूद आहे. ती बालकल्याण समितीमार्फत मिळविता येते.

जागा नसली तरी वस्तीतील चार-पाच घरांना बरेच करता येते. शेजारणीच्या घरातून रोज ओरडण्याचा आवाज येत असेल, तर “मुलाला मारू नकोस” असे सांगावयास जाण्याऐवजी “दोन तास बाळाला इकडे दे, तू जरा झोप” असे म्हणून पाहावे. मात्र मुलाच्या अंगावर वळ, भाजल्याच्या खुणा दिसल्या, किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर तेथे शेजारधर्म पुरत नाही. १०९८ हा क्रमांक फिरवावयासच हवा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा चोवीस तास चालते.

एकट्या किंवा आजारी पालकांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये मूल स्वतःच्याच कुटुंबात राहावे यासाठी २०२२ मध्ये दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व ठरविण्यात आले. पात्र घरांपर्यंत ही माहिती अनेकदा पोहोचत नाही आणि पोहोचली तरी कागदपत्रांच्या जंजाळात आई हात टेकते. तिच्याबरोबर एक दिवस रजा काढून जाणारा माणूस लागतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतात.