आतड्याचा दाह आणि हृदयाची राखण
(शनिशिंगणापूर येथील व्याख्यान)



शौचावाटे रक्त पडले की आपण मूळव्याध समजून गप्प राहतो. परंतु सोबत दीर्घकाळ जुलाब, पोटात कळा आणि वजनात घट असेल, तर तो अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह असू शकतो.

हा दाह आतड्यापुरता राहत नाही. तो रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतो. पायाच्या शिरांत वा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका अशा रुग्णांत सुमारे दुप्पट ते तिप्पट असतो. हृदयविकाराचा धोकाही काहीसा वाढतो, विशेषतः आजार उफाळलेला असताना. दाहामुळे कोलेस्टेरॉल कमी दिसू शकते. म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. रक्तदाब व साखर तपासावी, तंबाखू सोडावी.

पर्युषणात उपवास, अठाई वा चौविहार करण्यापूर्वी अशा रुग्णाने वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. जुलाब चालू असताना पाणी वर्ज्य केल्यास गुठळीचा धोका आणखी वाढतो. स्टिरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते. तप यथाशक्ती करावे, हीच आपली शिकवण आहे.

एका पायाला अचानक सूज, छातीत दुखणे वा धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास क्षणाचाही विलंब नको. अहिल्यानगरला आनंदऋषीजी हॉस्पिटलच्या रूपाने समाजाने हृदयोपचाराची सोय उभारली आहे. तेथे वेळेवर पोहोचणे आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र!