धुऊन जाणारी रेघ
(शेलूबाजार येथील समाजमेळाव्याच्या महिला सभेत केलेले भाषण)



गोधडीवर भाषण होणार असे जाहीर होताच काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसले. गोधडी ही पांघरण्याची वस्तू आहे, बोलण्याची नव्हे, असे त्यांस वाटले असावे. परंतु कापडावर नक्षी उठविण्याच्या ज्या विद्येवर आपल्या भावसार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, ती विद्या आज ज्या थोड्या कामांत पुन्हा उपयोगी पडण्याजोगी आहे त्यांत गोधडीची आखणी हे एक काम आहे, अशी आमची खात्री आहे.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात छीपा, रंगारी आणि भावसार ही नावे कापड छापणारे व रंगविणारे म्हणून एकाच प्रकरणात आली आहेत. आपल्या पूर्वजांचा सारा अभिमान रंगाच्या पक्केपणात होता. आलीच्या मुळ्यांचा तांबडा रंग तुरटीने कापडात असा बसवावा की लुगडे फाटेल पण रंग जाणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. पुढे १८६८ साली जर्मनीत अ‍ॅलिझरिन कृत्रिम रीतीने तयार झाले, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, गिरण्यांचे स्वस्त छापील कापड तर त्याआधीपासूनच येत होते. आणि आपला धंदा बसला. कोणी शिवणकामाकडे वळले, कोणी दुकानाकडे, कोणी नोकरीकडे. ठसे माळ्यावर गेले. या इतिहासावर अश्रू ढाळण्याचा आमचा हेतू नाही. ते काम यापूर्वीच्या अनेक स्मरणिकांत भरपूर झालेले आहे.

आता गोधडीकडे येऊ. आपल्या वऱ्हाडातील घरगुती गोधडीस आखणी लागत नाही. जुन्या लुगड्यांच्या घड्या अंगणात पसरावयाच्या, कच्चे टाके घालून थर धरावयाचे, आणि काठापासून आरंभ करून बोटाबोटाच्या अंतराने आत आत दोरे घालीत जावयाचे. पहिली ओळ हीच दुसरीची पट्टी. डोळा आणि बोट यांखेरीज माप नाही, आणि ओळ थोडी वाकली तर ती वाकण्यातच आजीचा हात ओळखू येतो. अशा गोधडीवर खडू फिरवा असे सांगण्याइतके आम्ही धीट नाही. शेजारच्या तांड्यांतील बंजारा भगिनींचे भरतकामही सुताची घरे मोजून, रेघेवाचून चालते, आणि ते पाहून कोणीही मान डोलवावी.

परंतु विकण्यासाठी शिवावयाची गोधडी निराळी. गिऱ्हाईक एकसारख्या दोन मागते. एकीची कुयरी उजवीकडे व दुसरीची डावीकडे झुकली तर ते दोन्ही परत करते, आणि पंधरा दिवसांची मेहनत घरी येऊन पडते. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाल्यापासून शेलूबाजार मोठ्या रस्त्यावर आले आहे. माल जाण्यास जितका वेळ लागतो तितक्याच वेळात तो परतही येऊ शकतो, हे विसरू नये. म्हणून अशा कामात शिवणीपूर्वी नक्षी कापडावर उतरविणे अवश्य आहे.

ती कशी उतरवावी? सर्वांत जुनी रीत रंगावाचूनची आहे. कापडाची चौपट घडी घालून नखाने दाबले की मध्यरेषा मिळते. पट्टी ठेवून चमच्याच्या मागच्या बाजूने दाबले की सरळ रेघ मिळते. लांब ओळींसाठी सुताराप्रमाणे खडूची पूड लावलेली दोरी दोघींनी ताणून धरावी व मधून उचलून सोडावी. गडद कापडास शिंप्यांची साबणाची चीप उत्तम, कारण ती पहिल्याच पाण्यात जाते.

नक्षी वेलबुट्टीची असेल तर खाका करावा. पातळ पण चिवट कागदावर नक्षी काढून तिच्या रेघेवर सुईने जवळजवळ भोके पाडावी, कागद कापडावर पक्का धरावा, आणि बारीक पुडीची पुरचुंडी त्यावरून आपटीत न्यावी. गडद कापडास पांढरी पूड, फिक्यास निळीची. रांगोळीचे भोकांचे छाप ज्यांच्या घरी आहेत त्यांस हे नव्याने शिकविणे नको, तत्त्व तेच आहे. मात्र रांगोळी स्वतः वापरू नये. तिचे दाणे भरड असल्यामुळे कापड उचलताच त्या घरंगळतात.

आणि जेथे तोच आकार शंभर वेळा हवा तेथे ठसा. येथे आपले पूर्वज हसतील, कारण येथे पक्का रंग हा दोष आहे. लखनौच्या चिकनकामात नक्षी लाकडी ठशांनीच छापतात, पण निळीसारख्या कच्च्या रंगाने. भरणे संपले की धोबी ती धुऊन काढतो. छापणारा, भरणारी आणि धुणारा हे तिघे निरनिराळे, हेही ध्यानात असावे. ठसा थर रचण्यापूर्वी, वरच्या कापडावरच मारला पाहिजे. खाली थर आले की तो नीट दबत नाही. कोऱ्या कापडाची खळ आधी धुऊन काढावी, नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आटते आणि नक्षी आखडते.

काठाच्या वेलीत सर्वांचा गोंधळ कोपऱ्यावर होतो, म्हणून हिशेब सांगतो. गोधडी ६० इंच रुंद व ९० इंच लांब धरा. चारी बाजूंनी ३ इंच सोडले की ५४ व ८४ राहतात. कोपऱ्यांस ६ इंचांचे चार स्वतंत्र ठसे दिले की मध्ये ४२ व ७२ उरतात, म्हणजे ६ इंची ठसा एका बाजूस ७ वेळा व दुसऱ्या बाजूस १२ वेळा बरोबर बसतो. ठसा ५ इंचांचा असेल तर ४२ इंचांत ८ ठसे बसून २ इंच उरतात. ते शेवटी एकाच ठिकाणी ढकलू नयेत, प्रत्येक ठशामागे पाव इंच सोडावे. आरंभ कोपऱ्यापासून न करता मध्यरेषेपासून करावा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. कचेरीतील कार्बन कागद मेणकट असतो, त्याचे डाग निघत नाहीत. आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या रेघेवर धुण्यापूर्वी इस्त्री फिरवू नये. ती पक्की होऊन बसते. उलट, उष्णतेने अदृश्य होणारी पेने निघाली आहेत, त्यांची रेघ इस्त्रीने जाते आणि कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली गेल्यावर, पुन्हा दिसू लागते. वाशीम जिल्ह्यात ती भीती नाही; पण गोधडी परदेशी जाणार असेल तर आहे. कोणतेही साधन प्रथम चिंधीवर करून, धुऊन पाहावे.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो ते सांगतो. गोधडीची मजुरी ठरविताना व्यापारी दोरे मोजतो. आखणी मोजीत नाही, कारण माल हाती येईपर्यंत ती धुऊन गेलेली असते. आखणाऱ्या भगिनीचा अर्धा दिवस अशा रीतीने हिशेबातून नाहीसा होतो, आणि आपणही तो मुकाट्याने जाऊ देतो. इंग्लंडात नॉर्थम्बरलँड परगण्यातील अ‍ॅलनहेड्स या लहान खेड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज गार्डिनर हा दुकानदार आणि त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन ही दोघे रजयांचे कापड निळ्या पेन्सिलीने आखून देत. बायका आपले कापड त्यांच्याकडे धाडीत, आखणीचे दाम वेगळे मोजीत आणि शिवण घरी करीत. सँडरसनबाईंच्या हाताखाली मुलींनी उमेदवारीही केली. आखणी हा तेथे स्वतंत्र धंदा झाला. जे त्या खेड्यात झाले ते, ज्यांच्या रक्तातच ठसा आहे असे आपण नेहमी म्हणतो त्या आपल्या समाजात का होऊ नये, हे आम्हांस समजत नाही. यापुढे कामाचा भाव बोलताना आखणी व शिवण यांची मजुरी वेगवेगळी मागावी, आणि वेगवेगळी लिहून घ्यावी.

ज्यांच्या माळ्यावर जुने ठसे असतील त्यांनी ते शोभेच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास विकण्याची घाई करू नये. ब्रशाने धूळ झाडावी, तेलाचा हात द्यावा, कीड लागलेले वेगळे काढावेत. आज ज्या भगिनींनी ठसे बरोबर आणले आहेत त्यांनी ते मंडपाच्या मागील टेबलावर मांडावेत. निळीचा रंग कालवून तयार आहे, धुतलेले मांजरपाटही आहे. चहापानानंतर तेथेच आरंभ करू.