हात धुवा, बाटली वाचा



आम्ही मुंबईत अँटॉप हिलला राहतो. आमच्यातले पुष्कळजण गावाकडचेच. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. गावी जाताना आम्ही त्या बरोबर नेल्या. पण शेतात त्यांचा उपयोग किती? तेच आज बोलू.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते. शंभर भागांत साठ भाग तरी असावे लागते. ते बरेच रोगजंतू मारते. पण हातावर चिखल, शेण किंवा तेल असले, तर त्याचे फारसे चालत नाही. फवारणीचे विष तर त्याने जात नाही.

हे विष साधे नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. विष श्वासातून जाते, कातडीतून जाते. तसेच न धुतलेल्या हाताने तंबाखू मळली, भाकरी खाल्ली, की तोंडावाटेही पोटात जाते.

म्हणून शेतावर जाताना पाण्याची कळशी आणि साबणाची वडी न्या. हातांवर साबण लावून वीस आकडे मोजेपर्यंत चोळा. बोटांच्या बेचक्या, नखे चोळा. मग वरून पाणी ओतून धुवा. फवारणी झाली, की अंघोळ करा. कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. कोणाला मळमळले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर औषधाच्या डब्यासह त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

सॅनिटायझर वापरायचाच, तर हात वाळू द्या. ओल्या हाताने चूल किंवा विडी पेटवू नका. तो पेट घेतो. तो पिऊ तर कधीच नका.

आणि बाटली वाचा! २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातच पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांना सॅनिटायझर पाजला गेला. नशीब, मुले बचावली. बाटली एकदा नीट वाचली असती, तर हे टळले असते.

फवारणीच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळी, निळी, हिरवी. हिरवे झाले तरी विषच ते!

आपल्याला आता अक्षर कळते. मग झाकण उघडण्याआधी नाव वाचायचे आणि घास घेण्याआधी हात धुवायचे. एवढे ठरवून उठू या.