वाळूवरची गाडी, रस्त्यावरचा प्रवास

(मंडळाच्या हिवाळी सहलीआधी झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे आभार. आभार अशासाठी, की मी व्यवसायाने संगणकवाला, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, आणि मला विषय दिलाय तो ट्रान्सपोर्टचा. कारण काय, तर आपल्या मंडळात क्वाड बाइकचा नाद लागलेली जी सात-आठ घरं आहेत, त्यांत सगळ्यात जास्त चुका मी केल्या आहेत. तेव्हा हे तज्ज्ञाचं भाषण नाही, ठेच लागलेल्याचं आहे.

माझा मावसभाऊ कॅल्गरीला असतो. त्याच्याकडे स्नोमोबिल आहे, बर्फावर चालणारी. थंडीत तो ती घेऊन चारशे किलोमीटरवरच्या रेव्हेलस्टोकला जातो, तिथल्या डोंगरात बर्फ भरपूर. आम्ही फोनवर बोलायला लागलो की दोघांच्या बायका उठून जातात. पण गंमत अशी, की त्याचा आणि माझा प्रश्न एकच आहे. त्याची गाडी बर्फावर पळते, माझी वाळूवर, आणि दोन्ही तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊ शकत नाहीत. पळणाऱ्या गाडीला पालखीत बसवून न्यायचं, मग पालखी कोणती?

आता माझी गोष्ट. २०१९ चा डिसेंबर. मेसईदच्या पुढे सीलाइनला जायचं होतं. दोह्याहून तासाभराचा रस्ता, त्याला कशाला हवा ट्रेलर? मित्राची डबल केबिन पिकअप घेतली. दोन फळ्या लावून क्वाड मागे चढवली. माझी क्वाड साधारण १९० किलोची, लांबी १ मीटर ८५ सेंटीमीटर. पिकअपचा हौदा दीड मीटरचा. म्हणजे मागची फळी उघडीच ठेवायची आणि मागची चाकं तिच्यावर टेकवायची. सुतळीपेक्षा बरी म्हणून नायलॉनची दोरी घेतली, चार गाठी मारल्या. लहानपणी एस.टी.च्या टपावर हमालाला सामान बांधताना पाहिलेलं, तेवढ्या शिदोरीवर आत्मविश्वास दांडगा. केबिनमध्ये मागच्या सीटवर बायको आणि चार वर्षांची लेक.

एका राउंडअबाउटवर पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, मीही दाबला. दोरी तुटली नाही, ताणली. क्वाड हातभर पुढे सरकली आणि हँडलचं टोक मागच्या काचेवर आदळलं. काचेला आरपार तडा गेला. त्या काचेपासून लेकीचं डोकं वीतभर अंतरावर होतं.

कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी आम्ही सीलाइनला गेलो नाही, आणि घरी परत येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. पुढचे चार महिने क्वाड पार्किंगमध्ये कापडाखाली होती. बायकोची अट एकच होती: "गाडी न्यायची तर न्या, पण ती आमच्या मागे बांधलेली नको."

मी आधी ही अट रागाची समजलो. नंतर वाचत, विचारत गेलो तेव्हा कळलं, की या विषयातला सगळ्यात शहाणा नियम तोच आहे. सामान बांधण्याचं जे युरोपियन मानक आहे, त्यात धरलं जातं की ब्रेक मारताना सामान आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकललं जातं, आणि आडवं व मागे ०.५ पट. १९० किलोच्या क्वाडला पुढे जाण्याचा जोर झाला दीडशे किलोचा. म्हणजे दोन धडधाकट माणसं तुमच्या मुलीच्या काचेवर खांदा लावून उभी आहेत, आणि मध्ये माझ्या चार गाठी!

तेव्हा पहिला प्रश्न "किती रियाल लागतील?" हा नाही. पहिला प्रश्न, गाडी सुटली तर ती कोणाकडे जाईल? आणि दुसरा, पोचेपर्यंत ती किती वेळा उचलली जाईल? कारण मोडतोड रस्त्यात कमी होते, चढवता-उतरवताना जास्त. आमच्यातल्या एकाने एका वाहतूकदाराकडून क्वाड मागवली. रस्ता सरळ, हवा छान, गाडी आली तर पायठेवणी वाकलेली. मध्ये तिची दोनदा अदलाबदल झाली होती, हे त्याला नंतर समजलं.

या दोन प्रश्नांवर ट्रेलर पास होतो. सुटलीच तर गाडी कुटुंबाच्या केबिनवर येत नाही, आणि कमी उंचीवर चढवायची असल्याने फळीवरून उलटण्याची भीती कमी. पण ट्रेलरचं एक शास्त्र आहे, आणि ते आपल्या आजोबांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचं तसंच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, गाडीच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी असला की नव्वदच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा का त्याने लय धरली की पुढची गाडीही नाचायला लागते. दोन क्वाड असतील तर दोन्ही थोड्या पुढे घेऊन उभ्या करा, आणि हुकावर किती भार येतो ते बाथरूमच्या वजनकाट्यावर मोजा. हसू नका, मी मोजलाय. काटा पुरत नसेल तर दणकट फळी टाकून दोन काट्यांवर विभागा.

पट्ट्यांबद्दल. नायलॉन ताणतं, ओलं झालं की आणखी. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा घ्या, आणि त्याच्या लेबलवर सुरक्षित भार किती तो वाचा. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा तुटण्याचा असतो, वापरण्याचा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. प्रत्येक कोपऱ्याला एक असे चार पट्टे लावा. शिवाय कतारचं ऊन! पट्टा वर्षभर पिकअपच्या हौद्यात पडला असेल तर रंग उडालेला, धागे खरखरीत झालेले दिसतील. तो फेकून द्यायचा, "अजून चालेल" म्हणायचं नाही. आणि निघाल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढा. सगळं ढिलं होतं ते सुरुवातीलाच.

कॅल्गरीचा भाऊ मात्र उघडा ट्रेलर वापरत नाही, बंद पेटीसारखा वापरतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते उडून सगळ्या सांध्यांत जातं. मला वाटलं आपल्याला मिठाची काय भीती? पण इथली समुद्री दमट हवा आणि उडती वाळू काही कमी नाही. निदान एअर फिल्टरचं तोंड आणि सायलेन्सरचं भोक बांधून घ्या.

आता लांबचा पल्ला. ५ जून २०१७ ला सौदीने जमिनीवरची सीमा बंद केली, ती जानेवारी २०२१ पर्यंत. तेवढा काळ आपल्याला रस्ताच नव्हता. जे जायचं-यायचं ते समुद्राने किंवा विमानाने. हमाद बंदरातून ओमानच्या सोहार आणि सलालाला थेट बोटी त्याच वर्षी सुरू झाल्या, आणि दुधासाठी गाई विमानाने आल्या हे तर आपल्यापैकी काहींना आठवत असेल. आम्ही तेव्हा विनोद करायचो, गाय येते तर क्वाड का नाही? त्याचं उत्तर मी नंतर काढलं. विमानात नुसतं वजन धरत नाहीत, जागाही धरतात: एक घनमीटरला १६७ किलो. माझ्या क्वाडची जागा होते सुमारे २.४ घनमीटर, म्हणजे १९० किलोच्या गाडीचं भाडं ४०० किलोचं!

सीमा उघडली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सौदी आणि ओमान यांना थेट जोडणारा रब-अल-खालीतला रस्ताही सुरू झाला, सुमारे ७२५ किलोमीटरचा. त्याआधी ओमानला जायचं तर यूएईमधून. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही चार घरांनी ओमानच्या वहिबा वाळूत जायचं ठरवलं. दोन घरं क्वाड घेऊन गेली, दोघांनी हेल्मेट तेवढी नेली आणि तिथे भाड्याने घेतल्या. मी अर्थातच नेणाऱ्यांत.

खरं सांगतो, हेल्मेटवाले शहाणे निघाले. आमचे अबू समरापासूनच कागद सुरू. गाडीचा इस्तमारा, ट्रेलरचे कागद, क्वाडची मालकी, सगळं वेगवेगळं दाखवा. एक क्वाड मित्राच्या भावाच्या नावावर, भाऊ दोह्यात, मग फोनाफोनी. (भारतीय पासपोर्टवाल्यांनी सौदी आणि ओमान दोन्ही व्हिसे आधी पाहावेत, हे वेगळंच.) पुढे त्या रिकाम्या वाळवंटात ट्रेलरची छोटी चाकं गाडीच्या चाकांपेक्षा जास्त फेरे घेतात, जास्त तापतात. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यावर हाताचा मागचा भाग लावून पाहायचो. हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर बेअरिंग कुरकुरतंय. एकदा तसं झालं, आणि ग्रीसची पुडी जवळ होती म्हणून निभावलं. ट्रेलरला स्वतंत्र स्टेपनी लागते, हेही तिथेच दुसऱ्या घराला कळलं. गाडीची स्टेपनी त्याला बसत नाही.

माझा हिशेब आता असा. सीलाइनला ट्रेलर. ओमानला तीन-चार दिवसांसाठी जाणार असाल तर भाड्याने घ्या, पंधरा दिवस राहणार असाल तरच स्वतःची न्या. डकार रॅलीवाले हजारो किलोमीटर नेतात ते वेगळं. त्यांच्या गाड्या युरोपातून बोटीने सौदीला येतात, चाकांवर आत जातात आणि चाकांवर बाहेर येतात, उचलाउचल नाही. २०२५ च्या डकार क्लासिकमध्ये पुण्याचे संजय टकले उतरले होते, आपल्याला अभिमान आहेच. पण त्यांना मागे मेकॅनिकांचा ताफा असतो, आपल्याला मागच्या सीटवर झोपलेली पोरं.

आणि कायमचे परत जाणारे मला नेहमी विचारतात, "क्वाड पुण्याला नेऊ का रे? सामानाचा कंटेनर जातोच आहे." नेऊ नका. वीस फुटी कंटेनरच्या दारात दोन क्वाड शेजारी ठेवल्या तर दोन-तीन सेंटीमीटर उरतात, ते सोडा. पेट्रोल काढून टाकी रिकामी करावी लागते, बॅटरीच्या तारा सोडवाव्या लागतात, नाहीतर ती धोकादायक मालात जाते. पावसाळ्यात न्हावाशेवाला पोचली तर आत पाणी सुटून गंज. आणि मग कस्टम्स. भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, मुंबई बंदरातूनच यायला हवी, शुल्क जबर. एवढं करून कोथरूडमध्ये ती चालवणार कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये? इथेच विका, नव्याने आलेल्या एखाद्या पोराला द्या, आणि देताना पट्टे जुने देऊ नका.

बायकोची अट अजून आहे. लेक आता मोठी झाली, निघण्याआधी पट्टे तीच ओढून बघते आणि मला "बाबा, डावा ढिला आहे" म्हणते. बहुतेक वेळा असतो.

चहा आलाय असं दिसतंय. खाली पार्किंगमध्ये माझा ट्रेलर उभा आहे, ज्यांना पट्टा रॅचेटमध्ये कसा ओवायचा ते पाहायचंय त्यांनी कप घेऊनच या. आणि मार्चमध्ये ज्यांनी माझा निळा पट्टा नेला होता, त्यांनी कृपया तो परत करावा, मी नाव घेत नाही!